दान वंश आणि ओळीच्या वर चढवलेले एक अक्षर

१/ हिब्रू बायबलमधील ‘शास्ते’ या ग्रंथाच्या १८व्या अध्यायात एक अक्षर ओळीत नाही. ते किंचित वर चढवून लिहिले आहे. नकलकारांनी ते शतकानुशतके तसेच जपले. इस्राएलच्या बारा वंशांपैकी दान या वंशाच्या श्रद्धेचा वाद त्या अक्षरात साठला आहे.

२/ परंपरेनुसार दान हा याकोब आणि दासी बिल्हा यांचा पुत्र. त्याच्या वंशजांना यरुशलेमच्या डोंगरांपासून समुद्राकडे उतरणारा प्रदेश मिळाला; पण तेथे अमोरी आणि पलिष्टी प्रबळ होते. पलिष्ट्यांशी झुंजणारा शमशोन याच वंशातला.

३/ अखेर नव्या भूमीसाठी ६०० सशस्त्र दानी उत्तरेस निघाले. वाटेत एफ्राइमच्या डोंगराळ मुलखात मीखा नावाच्या गृहस्थाचे देवघर लागले. त्यांनी तेथील मूर्ती उचलल्या. एका घराऐवजी अख्ख्या वंशाचे पौरोहित्य मिळते म्हटल्यावर तेथील लेवी पुरोहितही आनंदाने त्यांच्यासोबत निघाला.

४/ यार्देन नदीच्या उगमाजवळ लईश हे निर्धास्त नगर होते. दानी लोकांनी ते जाळले, पुन्हा वसवले, त्याला पूर्वजाचे नाव दिले आणि त्या मूर्तीची तेथे स्थापना केली.

५/ तो पुरोहित कोण? योनाथान, गेर्षोमाचा पुत्र आणि खुद्द मोशेचा नातू! हिब्रूत ‘मोशे’ या नावात ‘नून’ हे अक्षर घातले की ‘मनश्शे’ होते. वर चढवलेले अक्षर तेच. ११व्या शतकातील भाष्यकार राशी सांगतो की, मोशेचा मान राखण्यासाठी ते घातले गेले. नाव झाकले, पण झाकल्याची खूण पुसली नाही.

६/ इ.स.पू. ९३०च्या सुमारास राज्य दुभंगले. प्रजेने यरुशलेमला जाऊ नये म्हणून उत्तरेचा राजा यराबाम याने बेथेल आणि दान येथे सोन्याची वासरे स्थापिली. यरुशलेमनिष्ठ लेखकांनी याला महापाप ठरवले. अनेक अभ्यासकांच्या मते मात्र वासरू हे देव नसून अदृश्य देवाचे आसन होते. म्हणजे देव तोच. भांडण स्थानाचे आणि सत्तेचे.

७/ १९६६ पासून अव्राहम बिरान यांनी तेल दान येथे उत्खनन केले. तेथे भव्य पूजास्थान उजेडात आले. १९९३ मध्ये इ.स.पू. ९व्या शतकातील अरामी शिलालेखाचा तुकडा सापडला. त्यात ‘दाविदाचे घराणे’ हे शब्द आहेत. बायबलबाहेरचा हा त्या घराण्याचा सर्वांत जुना सुस्पष्ट उल्लेख मानला जातो. यरुशलेमच्या राजवंशाची साक्ष दिली ती प्रतिस्पर्धी दानच्या मातीने!

८/ इ.स.पू. ७३२च्या सुमारास अश्शूरी सम्राट तिसरा तिग्लथ-पिलेसर याने हा प्रदेश जिंकला, लोकांना हद्दपार केले. पुढे ख्रिस्ती ‘प्रकटीकरण’ ग्रंथातील वंशांच्या यादीत दानचे नावही उरले नाही.

९/ तरी नाव मेले नाही. १६व्या शतकात रब्बी दाविद इब्न झिम्रा यांनी इथिओपियातील ज्यूंना दान वंशाचे मानले. त्याच मताच्या आधारे १९७३ मध्ये रब्बी ओवादिया योसेफ यांनी त्यांना ज्यू म्हणून मान्यता दिली. हा धर्मनिर्णय होता, वंशावळीचा पुरावा नव्हे. परंतु हजारो माणसांना इस्राएलचे दार उघडण्यात त्याचा मोठा वाटा होता.

१०/ दानची कथा आपल्यापर्यंत मुख्यतः त्याच्या टीकाकारांनी पोहोचवली. म्हणून प्राचीन ग्रंथ वाचताना मजकुराबरोबर त्यातील दुरुस्त्याही वाचाव्यात. कधी कधी इतिहास ओळीच्या किंचित वर लिहिलेला असतो.