राजघराण्यांतील बहिणी : दोन महायुद्धांमधला काळ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या शाळेत मुलींसाठी वेगळा नियम नव्हता, असे आपण सारे अभिमानाने सांगता. म्हणूनच आजचा विषय थोडा अनपेक्षित वाटला तरी अप्रस्तुत वाटणार नाही, अशी आशा आहे. १९१८ ते १९३९ या दोन महायुद्धांमधल्या वीस-एकवीस वर्षांत मोठ्या घराण्यांतील मुलींचे काय झाले, याविषयी मी बोलणार आहे. गरिबांच्या लेकींविषयी बोलायचे सोडून हे राजवाड्यांचे पुराण कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ज्यांना पैशाची ददात नव्हती, त्यांनाही एक गोष्ट सहज मिळाली नाही. आणि ती कोणती, हे पाहिले म्हणजे आपल्या लेकींचा प्रश्नही अधिक स्पष्ट होतो.

इंग्लंडमध्ये या काळातील बहिणी म्हटले की मिटफर्ड घराण्याचे नाव निघते. लॉर्ड रीड्सडेल यांना सहा मुली आणि एक मुलगा. नॅन्सी १९०४ ची, त्यानंतर पॅमेला, डायना, यूनिटी, जेसिका आणि १९२० साली जन्मलेली धाकटी डेबोरा. मुलगा टॉम ईटनच्या नामांकित शाळेत गेला. मुलींना मात्र घरीच शिकवावयाचे, असा बापाचा आग्रह. एखादा थोडका अपवाद सोडला तर शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. आई कोंबड्या पाळी आणि अंड्यांच्या विक्रीतून घरशिक्षिकेचा पगार भागवी. उमरावाच्या घरची ही गोष्ट ऐकून आपल्यापैकी काही भगिनींना हसू येईल, पण त्या अंड्यांच्या पैशांवरच त्या मुलींचे घरचे शिक्षण चालले.

पुढे काय झाले? डायनाने एका श्रीमंत घरातील पहिला विवाह मोडून १९३६ साली बर्लिनमध्ये फॅसिस्ट पुढारी ऑस्वाल्ड मोस्ले याच्याशी लग्न केले; लग्न गोबेल्सच्या घरी लागले आणि हिटलर पाहुणा होता. यूनिटी हिटलरच्या भजनी लागली आणि ३ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्ध जाहीर झाले त्याच दिवशी, म्युनिकमध्ये तिने स्वतःवर गोळी झाडून घेतली. ती वाचली, पण पूर्वीची राहिली नाही, आणि १९४८ मध्ये वारली. जेसिका लहानपणापासून पळून जाण्यासाठी पैसे साठवीत होती. १९३७ मध्ये ती खरोखरच एका नातलग तरुणाबरोबर यादवी युद्धाने पेटलेल्या स्पेनला गेली आणि पुढे कम्युनिस्ट झाली. एकाच जेवणाच्या मेजावर वाढलेल्या बहिणी दोन टोकांना गेल्या. डायना १९४० ते १९४३ तुरुंगात होती. टॉम १९४५ साली ब्रह्मदेशात लढताना पडला. तल्लख बुद्धीला शिस्तीचे शिक्षण मिळाले नाही, म्हणजे ती जो पहिला आवेश भेटेल त्याच्या मागे धावते, असे मला वाटते. नॅन्सीने कादंबऱ्या लिहून आणि जेसिकाने पुढे अमेरिकेत शोधक लेखन करून ती उणीव भरून काढली, हेही खरे.

आता आपल्या घराकडे येऊ. याच सुमारास मराठी भाषेच्या एका राजघराण्यातील मुलींचे आयुष्य वेगळ्या वाटांनी चालले होते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, हे आपण शाळेत शिकलो आहोत. १९०४ साली त्यांनी बालविवाहास आळा घालणारा कायदा केला. त्यांच्या पत्नी चिमणाबाई यांनी १९११ मध्ये एका सहलेखकाबरोबर भारतीय स्त्रीच्या स्थानाविषयी इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा होत्या.

अशा घरातील एकुलती एक कन्या इंदिराराजे. तिचा विवाह ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांच्याशी ठरला. वय पुष्कळ अधिक, आणि त्यांची पहिली पत्नी हयात. ज्या वर्षी आईचा ग्रंथ निघाला, त्याच १९११ साली, दिल्ली दरबाराच्या सुमारास, मुलीने आईबापांना न कळविता परस्पर माधवरावांना पत्र लिहून लग्न मोडले. आईवडिलांवर आकाश कोसळले. इंदिरेचे मन कूचबिहारच्या धाकट्या राजपुत्राकडे, जितेंद्र नारायण यांच्याकडे लागले होते. ते ब्राह्मो पुढारी केशवचंद्र सेन यांचे दौहित्र. १९१३ मध्ये लंडनमध्ये विवाह झाला. आईवडील उपस्थित नव्हते. प्रजेच्या मुलींसाठी कायदे करणाऱ्या राजालाही स्वतःच्या मुलीचा निर्णय पचविणे जड गेले, यात सयाजीरावांचा उपहास करण्याचा माझा हेतू नाही. सुधारणा घराच्या उंबऱ्याशी येऊन थबकते, हा अनुभव आपल्यापैकी किती जणांना नाही?

लग्नानंतर लवकरच थोरला दीर वारला आणि इंदिरादेवी महाराणी झाल्या. १९२२ च्या डिसेंबरात पतीही गेले. पाच मुलांची आई असलेल्या या तरुण विधवेने १९३६ पर्यंत, मुलगा सज्ञान होईपर्यंत, राज्याचा कारभार पाहिला. त्यांच्या तीन मुली : इला १९१४ ची, गायत्री १९१९ ची, मेनका १९२० ची. म्हणजे इला यूनिटीच्या वयाची आणि मेनका डेबोराच्या. पण यांना शाळा मिळाली. गायत्री लंडनला शिकली, शांतिनिकेतनात राहिली, स्वित्झर्लंडला गेली, आणि बाराव्या वर्षी तिने बिबट्याही मारला. आपल्या दांडेलीच्या रानाशेजारी वाढलेल्या मंडळींना त्याचे काय कौतुक, हा भाग वेगळा. इलाने त्रिपुरेच्या घराण्यात विवाह केला आणि ती १९४५ मध्ये अकाली निवर्तली. मेनका देवास धाकट्या पातीच्या पवारांच्या घरी, म्हणजे पुन्हा मराठी घरात गेली. गायत्रीने १९४० मध्ये जयपूरच्या मानसिंहांशी लग्न केले. तेव्हा त्यांच्या दोन राण्या होत्या. ज्या कारणास्तव आईने ग्वाल्हेर नाकारले, त्याच स्थितीत मुलीने जयपूर स्वीकारले. इंदिरादेवींना ते रुचले नव्हते. पण याच गायत्रीदेवींनी पडद्यात राहणाऱ्या घराण्यांच्या मुलींसाठी १९४३ मध्ये जयपूरला शाळा काढली, १९६२ मध्ये त्या प्रचंड मताधिक्याने लोकसभेवर निवडून आल्या, आणि १९७५ च्या आणीबाणीत काही महिने तिहारच्या तुरुंगात राहिल्या. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले.

या तिघींची कीर्ती झाली, कारण त्यांच्याविषयी इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले. मला मात्र अधिक ओढ वाटते ती त्यांच्या दोन मामेबहिणींची. सयाजीरावांचे थोरले चिरंजीव फत्तेसिंहराव १९०८ मध्ये वारले. त्यांच्या दोन मुली आजोबांच्या छत्राखाली वाढल्या. थोरली इंदुमती १९१८ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम महाराजांना दिली, आणि ती ताराबाई झाली. (शाहू महाराजांनी विरोध पत्करून जिला शिकविले ती त्यांची विधवा धाकटी सून इंदुमती राणीसाहेब वेगळी, नावाच्या साम्यामुळे घोटाळा होतो.) धाकटी लक्ष्मी १९२२ मध्ये सावंतवाडीच्या बापूसाहेब महाराजांकडे आली, आणि पार्वतीदेवी झाली. येथून घाट उतरले की सावंतवाडी फार दूर नाही.

या दोघींनी कोणाला पत्र लिहून लग्न मोडले नाही, की परदेशी पळून गेल्या नाहीत. नावेसुद्धा सासरने बदलली. सुपा धरणाच्या पाण्याखाली गाव गेल्यावर ज्यांना नव्या जागी नव्याने ओळख उभी करावी लागली, त्या येथील कुटुंबांना हे मी समजावून सांगायला नको. १९३७ मध्ये बापूसाहेब महाराज वारले तेव्हा मुलगा शिवराम सुमारे दहा वर्षांचाच होता. त्यानंतरची दहा वर्षे, दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईसह, पार्वतीदेवींनी राज्यकारभार सांभाळला. हे ओझे त्यांनी मागितले नव्हते. पण ते आले तेव्हा खांद्यावर घेतले.

मिटफर्ड बहिणींना मन मानेल तसे वागता आले, पण शाळा नव्हती. कूचबिहारच्या बहिणींना दोन्ही लाभले, आणि त्याची किंमत आधी त्यांच्या आईने मोजली होती. बडोद्याच्या या दोघींना निवडीचा अधिकार कोणी दिला नाही. तरीही सावंतवाडीत आज राणी पार्वतीदेवी हायस्कूल उभे आहे, आणि येथे बसलेल्या काहींचे नातलग तेथे शिकले असतील. जिला माहेरी लक्ष्मी म्हणत, तिच्या सासरच्या नावाची ती शाळा आहे.