गंधयुक्तीचा हिशेब
मंडळी, शेतातला मोथा उपटून बांधावर फेकताना त्याची गाठ कधी हुंगून पाहिलीत? दिवसभर ताजेतवाने राहण्याची खटपट जुनीच. इसवी सनाच्या ६ व्या शतकात अवंतीच्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त ‘गंधयुक्ती’ म्हणून एक प्रकरणच लिहिले. त्यातल्या १६ द्रव्यांत चंदन-कापराच्या पंक्तीला हा मोथाही बसला आहे! सोळांतून चार-चार निवडली तर गंध किती? १८२०, असे त्यानेच सांगितले. गुरुजी, मुलांकडून ताळा करवून घ्या. अत्तरातले हे गणित त्यांना कंटाळवाणे वाटणार नाही. दातवणसुद्धा तो आधी हिरड्याची पूड घातलेल्या गोमूत्रात सात दिवस भिजवतो, मग सुगंधी पाण्यात. आणि उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी सोडता ना? तीही त्या सोळांतलीच.