छत्री घेऊन उडी मारणारा डॉक्टर : लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज

महावीर चक्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? बंदूक, खंदक, शत्रूची चौकी. परमवीर चक्राच्या खालोखालचा हा युद्धातला शौर्यसन्मान. पण लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांना तो मिळाला डॉक्टर म्हणून केलेल्या कामासाठी. आज त्यांच्याबद्दल बोलू.

सुरुवात १९४१ ची. दुसरं महायुद्ध चालू होतं, आणि त्या ऑक्टोबरमध्ये ५०वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली. तिच्यातल्या १५२व्या भारतीय बटालियनचे वैद्यकीय अधिकारी होते तरुण लेफ्टनंट रंगराज. विमानातून पॅराशूटने उडी मारणारे पहिले दोन भारतीय सैनिक कोण, तर हवालदार मेजर मथुरा सिंग आणि हे डॉक्टरसाहेब.

तुम्ही विचाराल, डॉक्टरला उडी मारायची काय गरज? कारण साधं आहे. पॅराशूटने उतरलेली फौज शत्रूच्या पिछाडीला असते. जखमींना मागे न्यायला तिथे रस्ताच नसतो. म्हणजे दवाखान्यालाच आकाशातून उतरावं लागतं. पॅरा फील्ड अँब्युलन्स हे नाव ऐकून आपल्याला गाडी आठवते. प्रत्यक्षात ते अख्खं फिरतं रुग्णालय असतं. शल्यचिकित्सक, भूल देणारे, शुश्रूषा करणारे, स्ट्रेचर उचलणारे, सगळे त्यात आले.

आता येऊ १९५० वर. जूनमध्ये कोरियात युद्ध पेटलं. संयुक्त राष्ट्रांनी मदत मागितली. नेहरू सरकारने लढाऊ फौज पाठवायचं नाकारलं आणि वैद्यकीय पथक पाठवलं. ते पथक म्हणजे ६० पॅरा फील्ड अँब्युलन्स, आणि त्याचे प्रमुख रंगराज. नोव्हेंबरमध्ये ही मंडळी बुसान बंदरात उतरली आणि थेट प्योंगयांगपर्यंत गेली. तोवर चीन युद्धात उतरला होता. काही दिवसांतच माघारीचा हुकूम आला.

इथे खरी परीक्षा होती. पुरेशा गाड्या नव्हत्या. माणसं वाचवायची तर औषधं, उपकरणं मागे टाकावी लागणार. पण उपकरणांशिवाय डॉक्टर काय करणार? रंगराजांनी सामान सोडलं नाही. एक जुनं वाफेचं इंजिन आणि काही डबे मिळाले. रेल्वेचं काम माहीत असलेले जवान पुढे आले. बॉयलरमध्ये पाणी भरायला जवानांनी रांग लावली, हातोहात बादल्या पुढे सरकल्या. पूल उडवला जाण्याआधी गाडी नदीपार झाली. पुढे त्यांनी जे जीव वाचवले, ते या निर्णयामुळे.

इथे आपल्याला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण येणं साहजिक आहे. १९३८ साली ते भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथल्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर उपचार करता करता १९४२ मध्ये वारले. त्याच सेनेचे वारसदार आता समोरच्या बाजूला होते. इतिहासात बाजू अशा बदलतात. दोन्ही पथकांचं काम मात्र एकच राहिलं.

२३ मार्च १९५१. सोलच्या उत्तरेला मुनसान-नी इथे अमेरिकेच्या १८७व्या हवाई पथकाचे तीन हजारांहून अधिक सैनिक उतरले. मोहिमेचं नाव ऑपरेशन टॉमाहॉक. त्यांच्यासोबत १२ भारतीय होते, आणि त्यांत खुद्द रंगराज. दहा वर्षांपूर्वी शिकलेली उडी इथे कामी आली. पुढच्या दिवसांत या पथकाने शंभराच्या आसपास शस्त्रक्रिया केल्या.

पथकाची दुसरी तुकडी देगूमध्ये होती. तिथे ते सामान्य कोरियन नागरिकांवर उपचार करत, स्थानिक डॉक्टर-परिचारिकांना शिकवत. गाजावाजा नसलेलं हे कामही तितकंच मोलाचं. १९५३ मध्ये शस्त्रसंधी झाली. पथक परतलं ते १९५४ च्या फेब्रुवारीत, म्हणजे सव्वातीन वर्षांनी. रंगराज आणि त्यांचे सहकारी मेजर बॅनर्जी, दोघांनाही महावीर चक्र मिळालं.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे रंगराज जागतिक आरोग्य संघटनेत गेले. देवीच्या रोगाचं निर्मूलन करण्यासाठी त्यांनी अफगाणिस्तानात आणि नंतर बांगलादेशात काम केलं. देवीच्या घातक प्रकाराचा जगातला शेवटचा नैसर्गिक रुग्ण १९७५ साली बांगलादेशातल्याच भोला बेटावर सापडला. त्या मोहिमेत पॅराशूट नव्हतं, तोफा नव्हत्या. दुर्गम गावांत जाऊन रोगी शोधायचा, आजूबाजूच्यांना लस टोचायची, एवढंच.

म्हणून मला वाटतं, आपण शौर्याची व्याख्या जरा रुंद करायला हवी. ज्या देशाने त्या युद्धात एक गोळी झाडायची नाही असं ठरवलं, त्याच देशाने त्याच युद्धातल्या डॉक्टरांना शौर्यपदक दिलं. यात विसंगती नाही. गोळीबारात शांतपणे टाके घालायलाही छाती लागते.

प्रश्न असतील तर घेऊ.