वारशाने आलेले भय

पुण्याजवळच्या पुरंदरचा इतिहास आम्हाला शिकवला तो १६६५च्या तहापुरता. दुसऱ्या महायुद्धात याच गडावर इंग्रजांनी जर्मन नागरिकांना स्थानबद्ध केले. त्यांत हिटलरच्या तावडीतून निसटून आलेले ज्यूही होते. १९३८ साली जर्मनीने त्यांच्या पारपत्रांवर ‘जे’ अक्षराचा शिक्का मारला, १९४१ साली परदेशी गेलेल्यांचे नागरिकत्वच काढून घेतले. जर्मनीच्या लेखी ते जर्मन नव्हते; इंग्रजांच्या लेखी जर्मन, म्हणून शत्रू. आपण कोण, हे सांगण्याचा हक्क त्यांना कुणीच दिला नाही.

वाचलेल्यांपैकी अनेकांनी मुलांना काही सांगितले नाही. तरी भय घरात राहिलेच. छळछावण्यांतून वाचलेल्या आईबापांची लेक हेलन एपस्टाईन हिने १९७९ साली अशा मुलांवर पुस्तक लिहिले. छावणी न पाहता ती अंगात वागवणारी ही पिढी.

मला ती परकी वाटत नाही. माझ्या आजोबांनी गावकीतली वेठ कधी बोलून दाखवली नाही. पण दारात हाक आली की ते दचकत. ते दचकणे वडिलांत आले, माझ्यातही आहे. पुरंदरच्याच बुरुजाच्या पायात नाथनाक-देवकाई या महार जोडप्याला जिवंत गाडल्याची कथा आमच्यात सांगतात.

या भूमीने ज्यूंना छळले नाही, असे अभिमानाने सांगितले जाते. पुण्यातले १८६७चे लाल देऊळ त्याची साक्ष आहे. पण त्याच भूमीने आमची सावलीही विटाळ मानली. नाझी पुढाऱ्यांवर १९४५ साली न्यूरेंबर्गला खटला उभा राहिला. आमचा खटला अजून उभा राहायचा आहे. त्यासाठी घराघरांतले मौन आधी साक्षीला आले पाहिजे.