सांध्यातील गाठ, बाहेरून मारलेली

सांधा पूर्ण न उघडता, लहान छिद्रांतून दुर्बीण व अवजारे आत घालून करण्यात येणारी शस्त्रक्रिया म्हणजे आर्थ्रोस्कोपी. १९१८ मध्ये टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासण्याची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली, तेव्हा हेतू केवळ निरीक्षणाचा होता. आज खांद्यातील 'रोटेटर कफ'चे फाटलेले स्नायुबंध याच मार्गाने हाडाशी जोडले जातात. ते हाडाशी जुळून येण्यास काही महिने लागतात. तोवर ते जागेवर धरून ठेवण्याचे काम टाक्यांच्या गाठींचे असते.

खुल्या शस्त्रक्रियेत सर्जनची बोटे गाठीपर्यंत पोहोचतात. येथे मात्र हाडात बसविलेल्या अँकरमधील धाग्याची दोन्ही टोके अरुंद नळीतून बाहेर काढून गाठ शरीराबाहेर गुंफली जाते आणि 'नॉट पुशर' या सळईसारख्या अवजाराने आत ढकलली जाते. ज्या टोकाभोवती गाठ गुंफतात, तो 'पोस्ट'. धागा अँकरमधून सहज सरकत असेल, तर 'डंकन लूप'सारखी सरकती गाठ चालते. पोस्ट ओढला, की ती खाली उतरते. धागा अडकत असेल, तर एकेक अर्धगाठ स्वतंत्रपणे खाली न्यावी लागते.

गाठीची कसोटी दुहेरी असते. गाठ पक्की होईपर्यंत धाग्याचा फास घट्ट राहिला पाहिजे आणि ताण आल्यावर गाठ सरकता कामा नये. गाठ मजबूत, पण फास सैल असेल, तर स्नायुबंध हाडाला टेकतच नाही. प्रयोगशाळेतील चाचण्यांत फास ३ मिलिमीटर सैल पडला, की गाठ निकामी समजण्याचा प्रघात आहे. म्हणूनच सरकत्या गाठीवर दिशा उलटवून व पोस्ट बदलून आणखी तीन अर्धगाठी मारण्याची शिस्त पाळली जाते.

शिकणारे डॉक्टर आधी हुकाला अडकविलेल्या जाड दोरीवर आणि नंतर नळी बसविलेल्या पेटीत खऱ्या धाग्यावर सराव करतात. धाग्याची टोके नळीत पिळली गेली किंवा त्यांच्यामध्ये ऊती अडकल्या, तर गाठ वाटेतच आवळते आणि सोडविणे कठीण होते. त्यामुळे नॉट पुशर आधी धाग्यावरून नुसताच खाली नेऊन वाट मोकळी असल्याची खात्री करण्यास शिकविले जाते.

गाठ न लागणारे अँकरही आता प्रचलित आहेत. तरीही प्रत्येक दुरुस्ती त्यांनी साधतेच असे नाही. म्हणूनच दहा गाठी अर्धवट येण्यापेक्षा एक सरकती आणि एक न सरकणारी गाठ हाताला पक्की बसलेली असावी, असे नवोदितांना सांगितले जाते.