खार जमिनीत सूर्यफूल घेता येते, पण आधी माती तपासा

मालवण : भातकापणी झाली की खाडीकाठचे कुणगे पुढच्या पावसापर्यंत पडीक राहतात. अशा जमिनीत सूर्यफूल होईल का, हा प्रश्न शेतकरी विचारतात. उत्तर आहे, होते; पण सगळ्याच कुणग्यांत नाही.

खार आणि चोपण वेगळी
देशावरच्या चोपण जमिनीचा सामू ८.५ च्या वर असतो. तिथे सोडियममुळे माती घट्ट होते, पाणी मुरत नाही, म्हणून जिप्सम टाकतात. आपल्याकडची खार जमीन तशी नाही. इथे मीठ खाडीच्या पाण्यातून येते. पावसाळ्यात ते धुऊन जाते आणि ऊन वाढले की खालून परत वर चढते. ढेकळांवर दिसणारी पांढरी पापुद्री ती हीच. त्यामुळे माती न तपासता जिप्समवर पैसे घालू नयेत.

बंधारा फुटका असेल आणि उधाणाला पाणी आत शिरत असेल तर कुठलेच पीक टिकणार नाही. आधी बंधारा आणि उघाडी बघावी.

किती मीठ चालते?
मातीच्या अर्काची क्षारता साधारण ४.८ डेसिसायमनपर्यंत असेल तर सूर्यफुलाला विशेष त्रास होत नाही. भाताची हीच मर्यादा ३ च्या आसपास आहे. त्यापुढे प्रत्येक एककाला सूर्यफुलाचे उत्पन्न सुमारे ५ टक्क्यांनी घटते. भातकापणीनंतर चार-पाच ठिकाणची वीतभर खोलीची माती एकत्र करून अर्धा किलो नमुना तपासायला द्यावा. किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात चौकशी करता येते.

पेरणी
वेळ महत्त्वाची. जमिनीत ओल असतानाच, नोव्हेंबरमध्ये पेरणी उरकावी. 'मॉर्डेन' ही बुटकी जात ७५ ते ८० दिवसांत येते, म्हणजे मीठ जोरात वर चढण्याआधी पीक निघते. गुंठ्याला साधारण १०० ग्रॅम बियाणं लागतं. दोन ओळींत ४५ सेंमी आणि दोन रोपांत ३० सेंमी अंतर ठेवावे. मीठ सरीच्या माथ्यावर जमते, म्हणून बी माथ्यावर न टोकता कडेला टोकावे. ओळींमध्ये पेंढा पसरला तर ओल टिकते आणि मीठही कमी चढते. विहिरीचे पाणी मचूळ असेल तर ते देऊ नये.

दाणे भरण्यासाठी
फूल उमलू लागले की १० लिटर पाण्यात २० ग्रॅम बोरॅक्स मिसळून फवारावे. परागीभवन मधमाश्या करतात, त्यामुळे फुलोऱ्यात कीटकनाशक मारू नये. माश्या कमी दिसल्या तर सकाळी ७ ते ११ या वेळेत हाताला मऊ फडके गुंडाळून फुलांवरून एक दिवसाआड हळूच फिरवावे.

राखण आणि काढणी
खरा धोका पोपटांचा आणि मोकाट गुरांचा. आजूबाजूचे कुणगे पडीक आणि मध्येच एकट्याचे सूर्यफूल असेल तर राखण परवडत नाही. वाडीतल्या चार-पाच जणांनी मिळून लागोपाठच्या कुणग्यांत पेरलेले बरे. फुलाची मागची बाजू पिवळी झाली की काढणी करून कडक उन्हात वाळवावे.

पहिल्या वर्षी दोन-तीन गुंठ्यांवरच करून बघावे. जवळ घाणा कुठे आहे, तो सूर्यफूल गाळून देतो का, हे पेरणीआधीच विचारून ठेवावे.