समुद्राची वीज आणि नाउरूची शाळा

लाटांपासून वीज करतात, भरती-ओहोटीपासून करतात, हे आपण ऐकलेलं असतं. पण समुद्राचं पाणी वर कोमट आणि खाली गार असतं, एवढ्याच भांडवलावरही वीज होते. १९८१ साली अशी वीज एका बेटावरच्या शाळेला मिळाली होती. मंडळी, आज त्याविषयी थोडं.

बेटाचं नाव नाउरू. प्रशांत महासागरात, विषुववृत्ताला अगदी लागून. क्षेत्रफळ जेमतेम २१ चौरस किलोमीटर, म्हणजे नकाशात शोधायला भिंगच हवं! हा देश १९६८ साली स्वतंत्र झाला. फॉस्फेट खणून विकायचं आणि त्यावर संसार चालवायचा, असा सगळा मामला. वीज मात्र डिझेलवर, आणि डिझेल यायचं जहाजातून.

उष्ण कटिबंधात समुद्राचं वरचं पाणी २६-२८ अंश असतं आणि एक किलोमीटर खाली ते पाच अंशांच्या आसपास. एसीत वापरतात तसला, लवकर उकळणारा द्रव वरच्या पाण्याने तापवायचा, त्याच्या वाफेने टर्बाइन फिरवायचं, आणि खालच्या गार पाण्याने त्या वाफेचा पुन्हा द्रव करायचा. झालं! ही कल्पना दार्सोनव्हाल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८१ सालीच मांडली होती.

ती प्रत्यक्षात आणायला निघाला त्याचाच शिष्य, निऑनच्या दिव्यांचा जनक जॉर्ज क्लोद. त्याने वेगळा द्रव घेतला नाही. हवेचा दाब कमी असला की पाणी कमी तापमानाला उकळतं (म्हणून तर उंच डोंगरावर डाळ शिजत नाही). क्लोदने हवा काढून घेतलेल्या टाकीत समुद्राचंच पाणी उकळवलं. १९३० साली क्यूबातल्या मातान्सास इथे त्याने २२ किलोवॉट वीज काढली. पण गार पाणी वर आणायची लांबच लांब नळी समुद्रात टाकताना आधीच्या दोन नळ्या बुडाल्या होत्या, आणि यंत्रणा चालवायलाच तयार होणाऱ्या विजेपेक्षा जास्त वीज लागत होती. पुढे १९३५ मध्ये ब्राझीलजवळ त्याने जहाजावर प्रयोग केला. तिथेही नळीनेच दगा दिला.

हवाईजवळ १९७९ साली एका बार्जवर पहिल्यांदा खर्च वजा जाता थोडी वीज उरली, पण ती बार्जवरच वापरली गेली. नाउरूत मात्र ती लोकांपर्यंत पोचली. टोकियोच्या वीज कंपनीने तिथे किनाऱ्यावर केंद्र बांधलं, ५८० मीटर खोलवर नळी सोडली. वीज झाली जास्तीत जास्त १२० किलोवॉट. त्यातली ९० पंप वगैरे चालवण्यातच गेली आणि उरलेली तीसेक शाळेला व इतर ठिकाणी दिली.

१२० पैकी ३०, म्हणजे शेकडा २५. आमच्याकडे ३५ ला पास करायचे! तरीही मी नाउरूला नापास करणार नाही. क्लोदच्या पदरात शून्याहून कमी पडलं होतं, हे विसरून कसं चालेल? मोठ्या केंद्रात हा हिशेब सुधारतो म्हणतात, पण मग नळीही तितकीच रुंद हवी आणि पैसाही तितकाच. नाउरूचं केंद्र प्रयोगापुरतंच होतं, ते लवकरच बंद झालं. बेटाची बरीचशी वीज आजही डिझेलवरच आहे.

आपल्याकडेही हेच झालं. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने तुतिकोरिनजवळ 'सागर शक्ती' या बार्जवर एक मेगावॉटचा प्रयोग मांडला, तोही नळीपाशीच अडला. पण त्या लोकांनी विद्या फुकट घालवली नाही. २००५ साली लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर त्यांनी क्लोदचीच युक्ती वापरली: कमी दाबाखाली कोमट पाण्याची वाफ करायची आणि खालच्या गार पाण्याने ती थंड करायची. त्यातून रोज एक लाख लिटर गोडं पाणी मिळू लागलं. ते यंत्र चालवायला मात्र डिझेलचीच वीज लागली!

म्हणून मला वाटतं, अशा प्रयोगांचा हिशेब नुसत्या किलोवॉटमध्ये मांडू नये. चारी बाजूंनी खारं पाणी असलेल्या बेटावर विजेइतकीच घोटभर गोड्या पाण्याचीही गरज असते. विजेसाठी निघालेली विद्या शेवटी पाण्याच्या कामी आली, हे काय थोडं झालं?

असो. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.